लाल इंजिन गोंदियाहून निघालं आहे

रेल्वेवाल्यांच्या घरात किस्से मालगाड्यांसारखे साचतात. एक अडकली की तिच्यामागे दुसरी येऊन उभी राहते, आणि सिग्नल मिळाला की सगळ्या पाठोपाठ सुटतात. या दिवाळीतला एक सांगायला बसले की मी सगळे सांगूनच उठते. चहा तेवढा गार होतो.

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. दिवाळीच्या आधी माझी झोप उडाली होती. कारण होतं माझ्या लेकीचं, जुईचं चित्र. इथे भिलाईत तिच्या शाळेत ‘माय फॅमिली’ काढायला सांगितलं होतं. जुईने मला काढलं, आबांना काढलं, फ्रिजसुद्धा काढला. पप्पा काढला नाही. दाराजवळ नुसती त्याची काळी बॅग होती, आणि बॅगेशेजारी मोठी कोरी जागा.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. “घर में सब ठीक है ना?” त्यांनी इतक्या हळू विचारलं की मलाच शंका आली. मी सांगितलं की मिस्टर लोको पायलट आहेत, मालगाडी चालवतात, कधी येतील आणि कधी जातील याचा नेम नसतो. मग मॅडमनी जुईला विचारलं, “बेटा, पापा को नहीं बनाया?”

जुई म्हणाली, “जगह रखी है ना. आएँगे तब बनाऊँगी.”

मॅडम हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन बालमानसशास्त्रावरचे लेख वाचत बसले. एम.एस्सी. करून मला एवढंच जमतं, घाबरायचं ते पद्धतशीर घाबरायचं. त्याच घाबरटपणात मी जुईला शब्द देऊन टाकला, “दिवाळीत पप्पाले सुट्टी नाही भेटली तरी तुले ती लाल इंजिनवाली ट्रेन पक्की.”

ती ट्रेन म्हणजे यंदाचं वेड. पुढे दिवा, चिमणीतून धूर, शिट्टी आणि गोल रूळ. जुईच्या वर्गातल्या निम्म्या पोरांकडे ती आलेली होती आणि उरलेल्या निम्म्या घरांत रडारड चालू होती.

जुईने नीट विचार करून विचारलं, “पप्पा आले तर ट्रेन नाही भेटणार का?”

“दोन्ही भेटल,” मी म्हणाले. बाजारात ट्रेन शिल्लक आहे की नाही, हे काही मी पाहिलं नव्हतं.

*

शिल्लक नव्हती. वैशाली नगरातली दुकानं पालथी घातली, सगळीकडे एकच उत्तर, “मॅडम, कल ही खतम हुआ.” शेवटी पावर हाऊस बाजारातल्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं की एक पीस आहे, घंटाभर ठेवतो. माझे हात चकल्यांच्या पिठात. मी आबांना पाठवलं.

आबा म्हणजे माझे सासरे. सारी नोकरी मालगाडीचे गार्ड म्हणून केली. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. आबांचं म्हणणं, “नाव लांब झालं अन् डबा गेला.” नव्या मालगाड्यांना मागे गार्डाचा डबा नसला की ते फाटकावर उभे राहून मान फिरवतात.

आबा परत आले ते पावशेर शेव घेऊन.

“ट्रेन कुठे, आबा?”

“पाहिली. घेतली नाही.”

“कावून?”

“गार्डाचा डबाच नाही तिले,” आबा चपला काढत म्हणाले. “इंजिन अन् तीन डबे, बस. मी त्याले विचारलं, गाडी दुभंगली तं मागचे डबे कोण पाहील? तो म्हणते, अंकल खिलौना है. मी म्हटलं, खेळणं असलं म्हणून का लेकराले चुकीचं शिकवाचं?”

मी पिठाच्या हातानेच दुकानदाराला फोन लावला. ट्रेन गेली होती. आबांच्या मागेच एक बाई उभ्या होत्या म्हणे, त्यांनी मागचं-पुढचं काही विचारलं नाही.

*

मग मी शाळेच्या आयांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. जुईच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने, दुर्गच्या पद्मनाभपूरहून, लगेच लिहिलं, “मेरे पास दो आ गई हैं, एक ले जाओ.” त्यांच्याकडे एक आत्याने आणली होती आणि एक मामाने. मी स्कूटी काढली. रस्ताभर मला गाणं सुचत होतं.

दार उघडलं तर हॉलमध्ये दोन्ही ट्रेन धावत होत्या. रूळ जोडून मोठा आठ केला होता. मुलीचे वडील आणि काका पोटावर पालथे पडून टक्कर होते का बघत होते. ज्या मुलीसाठी हे सगळं आणलं, ती सोफ्यावर बसून मुकाट्याने गणितं सोडवत होती.

मुलीची आई बिचारी ओशाळली. “सुनो, एक इनको देनी है.”

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं मूल मागायला आले आहे. काका म्हणाले, “भाभीजी, आठ का तो मजा ही दो से है.”

मुलगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “आंटी, ये लोग मुझे भी नहीं देते.”

मी चहा पिऊन परत आले.

*

आता एकच आशा उरली, तीही गाडी चालवत फिरणारी. शैलेश, म्हणजे जुईचा पप्पा, गोंदियाला उतरला होता. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या जागी, झोप झाली की बाजारात जाऊन बघा, असं मी त्याला बजावलं. दुपारी त्याचा फोन आला.

“भेटली.”

मी ओरडलेच. आबा पेपर टाकून धावत आले.

“पण ऐक,” शैलेश म्हणाला, “मले आता नागपूरकडची गाडी देऊन राहिले. मी दिवाळीले पोहोचतो की नाही, सांगता येत नाही. ट्रेन टेंभरेच्या हाती पाठवतो. तो गाडी घेऊन भिलाईकडंच येऊन राहिला.”

आमच्याकडे हे असंच चालतं. कुणाची औषधं, कुणाचा चष्मा, कुणाच्या आईने दिलेलं लोणचं, सगळं आपल्या माणसांच्या बॅगेतून हातोहात पोहोचतं. तर आमची ट्रेन मालगाडीच्या इंजिनात बसून निघाली, आणि मी मोबाईल हातात धरून तिच्यामागे.

संध्याकाळी टेंभरे भाऊजींना फोन केला. “भाऊजी, कुठवर आली?”

“वहिनी, डोंगरगडच्या अलीकडं बाजूच्या लूप लाइनमध्ये उभा हावो. एक्स्प्रेसले रस्ता देऊन राहिलो.”

थोड्या वेळाने पुन्हा केला. “आता?”

“तिथंच. आता दुसरीले देऊन राहिलो.”

भिलाईतली सगळी खेळणी कुरिअरवाले पोहोचवत होते. आमची मात्र आधी प्रवासी गाड्या जाऊ देत होती. जुईला सांगितलं तर तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. “मालगाडीत हाय तं थांबनच ना,” ती म्हणाली आणि जेवायला बसली.

डोंगरगडला टेंभरे भाऊजींच्या ड्यूटीचे तास भरले. तिथून ट्रेन गाडी पुढे नेणाऱ्या यादवजींच्या बॅगेत चढली. सकाळी निरोप आला की यादवजींच्या घरी, भिलाईतच रिसालीला, ट्रेन पोहोचली आहे. मी स्कूटी काढेपर्यंत आबा मागच्या सीटवर बसलेसुद्धा होते. पावर हाऊसहून ट्रेन न घेता आल्यापासून ते माझ्याशी जरा जपूनच बोलत होते.

*

यादवभाभींनी खोकं हातात दिलं. खोक्यावर जाड मार्करने लिहिलं होतं, ‘डेड’.

मी तिथेच शैलेशला फोन लावला. “बंद पडलेली घेतली का तुम्ही? एवढं करून बंद?”

तिकडून हसण्याचाच आवाज. मागे आबाही हसत होते. “अवं सूनबाई, जे इंजिन स्वतः चालत नाही, दुसऱ्या गाडीले जोडून नेतात, त्याले डेड म्हणतात. ते का बिघडलेलं असते? टेंभऱ्याने बरोबर लिहिलं. दुसऱ्याच्या गाडीत बसून आलं ना हे.”

रिसालीहून परत येताना आबांनी खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. प्रत्येक स्पीड ब्रेकरला मागून आवाज यायचा, “हळू. लोड हाय.”

*

हॉलमध्ये रूळ मांडले. जुई आणि मी बटण दाबणार, तेवढ्यात आबांनी हात आडवा केला. आधी त्यांनी सगळे डबे तपासले. मग टूथपेस्टच्या खोक्याचा गार्डाचा डबा बनवला आणि त्याच्या पाठीवर मोठी फुली काढली.

“ही कावून?” जुईने विचारलं.

“हा शेवटचा डबा हाय. फुली दिसली की स्टेशनवाला समजते, गाडी पुरी आली, मागं काही सुटलं नाही.”

जुईने ते लक्षपूर्वक ऐकलं. मग ट्रेनचं रिकामं खोकं रुळाच्या कडेला उभं केलं, त्याला खिडकी काढली आणि जाहीर केलं, “हे आपलं घर.” आबा म्हणाले, “स्टेशन म्हण.” जुई म्हणाली, “घर.” गाडी सुटली ती आबांच्या हिरव्या झेंडीवर. झेंडी म्हणजे माझा ब्लाउजपीस.

तेवढ्यात शेजारच्या साहू भाभी ठेठरी-खुरमीची, म्हणजे छत्तीसगढी फराळाची थाळी घेऊन आल्या. हॉल ओलांडून स्वयंपाकघरात जायचं होतं, एवढंच.

“रुको!” आबांनी लाल रुमाल धरला. “फाटक बंद है.”

भाभी गाडी जाईपर्यंत थाळी धरून उभ्या राहिल्या. गाडी गेली. त्यांनी पाय उचलला. गाडी पुन्हा आली. गोल रूळ, गाडी जाणार कुठे? फाटक काही उघडेना. शेवटी भाभींनी थाळीतली एक ठेठरी आबांच्या हातात दिली. लाल रुमाल खाली आला.

“बाबूजी,” भाभी जाता जाता म्हणाल्या, “रिटायर तुम हुए थे ना, कि रेलवे?”

*

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी शैलेश आला. न सांगता, न कळवता, काळी बॅग खांद्यावर घेऊन. मी दारात रांगोळी काढत होते. हातातला रंग तसाच राहिला. जुई त्याला हात धरून रुळापाशी घेऊन गेली आणि सगळं दाखवलं. इंजिन, फुली, घर, साहू भाभींचं फाटक. तो बिचारा झोपेने डोलत होता, तरी दर फेरीला “अरे वा” म्हणत होता. दुपारभर तो झोपला. जुईने शिट्टीचं बटण एकदाही दाबलं नाही आणि आम्हालाही दाबू दिलं नाही.

संध्याकाळी पूजा झाली. प्रसादाच्या बत्ताशांची वाटी माझ्या हातात, आणि फोन वाजला. रेल्वेवाल्याच्या घरात ड्यूटीवर बोलावणारा फोन ओळखायला नाव वाचावं लागत नाही. शैलेशने माझ्याकडे पाहिलं. मी जुईकडे पाहिलं. माझी झोप उडवली होती ती याच क्षणाने. मी लेखांतली सगळी वाक्यं आठवली. मुलाच्या उंचीला बसा, डोळ्यांत डोळे घाला, भावनेला नाव द्या. आणि वाटीतले बत्तासे मोजायला लागले.

शैलेश बूट घालायला बसला. आबा उगीचच ट्रेनशी बोलायला लागले. “काय गाडी हाय. सकाळपासून गोल गोल फिरून राहिली. ना दुर्ग, ना गोंदिया. कुठंच जात नाही.”

जुई गाडी बघत होती. गाडी सोफ्याला वळसा घालून गेली आणि खोक्याच्या घरापुढून पुढे निघाली. पुन्हा गेली, पुन्हा आली. जुईने बटण बंद केलं. इंजिन उचललं, डबे उचलले, टूथपेस्टचा डबासुद्धा न तोडता उचलला, आणि दोन्ही हातांत सगळी गाडी लोंबकळत धरून दाराशी गेली. पप्पाच्या काळ्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती.

“पप्पा,” ती म्हणाली, “आज तुम्ही ही वाली चालवा. ही दर वेळी घरीच येते.”