हात भायेर?

मुकादमांनी आयुष्यात ज्यांना मारलं, त्यांतले तिघं दर ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा खायला येत. एकाच्या भुवईवर टाक्यांची खूण होती, ती कीबोर्डच्या कडेची. दुसऱ्याचा पुढचा दात अर्धा होता. तिसऱ्याचा जबडा डावीकडे कायमचा वाकला होता. मुकादम तिघांना स्वतः वाढत. वाकड्या जबड्याच्या माणसाला म्हणत, "खा बे, निम्म्या तोंडानं दोन वाट्या खातो, पुरं असतं तर आमाला काय ठिवलं असतं?" तो माणूस सगळ्यांत मोठ्यानं हसे.

त्यांचं नाव रौफ. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या सर्व्हर रूमचे ते प्रमुख होते, पण कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते ते त्यांचे वडील. हुद्दा मुलाकडे नावासारखा आला आणि राहिला. मी त्याच कंपनीत नोंदी ठेवायला होतो. त्याआधी जिल्ह्याच्या एका दैनिकात होतो, ते बंद पडलं. त्यामुळे मुकादम मला "पेपरवाले" म्हणत.

वडिलांचा उजवा हात कोपरापासून नव्हता. जिनाच्या रोलरमध्ये अडकलेला कापूस काढायला त्यांनी हात घातला होता आणि पलीकडच्या कामगारानं न विचारता बटण दाबलं. रौफ तेव्हा वीस वर्षांचे होते, त्याच जिनावर कामाला. त्यांनी पट्टा पाडला, रोलर उलटा फिरवला, हात निघाला तेवढा काढला. पांढऱ्या रुईचा ढीग लाल झाला होता. मग त्यांनी पहार उचलली आणि बटण दाबणाऱ्याच्या तोंडावर घातली. वाकडा जबडा तो. पोलीस दवाखान्यात आले तेव्हा वडिलांनी तक्रार होऊ दिली नाही. मुलाला एवढंच विचारलं, "त्याला मारून माझा हात उगवला का?"

त्या जिनावर त्यानंतर एक रीत पडली. बटण दाबण्याआधी एकानं ओरडायचं, "हात भायेर?" मशिनजवळच्या प्रत्येकानं "भायेर!" म्हणायचं. सगळे म्हणाल्याशिवाय बटण नाही. रौफ पुढे डिप्लोमा करून तारांच्या आणि पडद्यांच्या धंद्यात आले, तेव्हा ही रीत सोबत घेऊन आले. सर्व्हर रूममध्ये कुठलाही मोठा बदल करताना तिघं लागत. एकानं कागदावरून वाचायचं, दुसऱ्यानं टाईप करून परत म्हणायचं, तिसऱ्यानं नुसतं ऐकायचं. ऐकणारे मुकादम. शेवटी ते विचारत, "हात भायेर?" दोघं "भायेर" म्हणाले की ते म्हणत, "मार." मगच एंटर.

आधीच एंटर दाबणाऱ्याच्या बोटांवर ते पोलादी पट्टी मारत. कधी पट्टी जवळ नसे, मग हाताला येईल ते. भुवई आणि दात त्याच काळातले. दातानंतर मॅनेजरांनी लेखी बजावलं होतं, पुन्हा कुणावर हात उचलला तर नोकरी त्या दिवशी संपेल. मुकादमांनी ते पत्र सर्व्हर रूमच्या दाराला आतून चिकटवलं. येणाऱ्याला दाखवत, "वाचून घ्या. आता मी बिलकुल सुधारलो."

कंपनीनं नेटवर्कसाठी नवे कंट्रोलर घेतले ते त्यानंतर. पूर्वी प्रत्येक स्विचला वेगळं सांगावं लागे, कुठला डेटा कुठून जाईल ते. आता तीन कंट्रोलर सगळ्या स्विचना एकदम हुकूम देणार होते. ही मशिनं पहिल्यांदा सुरू होताना काळ्या पडद्यावर प्रश्न विचारतात. जाळ्याचं नाव काय, कंट्रोलर किती, हा कितवा, आतल्या कामासाठी मशिनांच्या आकडी पत्त्यांचा कुठला गट वापरायचा. बाकी बरंच नंतर बदलता येतं. पत्त्यांचा गट येत नाही. तो चुकला तर तिन्ही कंट्रोलर आणि सगळे स्विच पुसून पहिल्यापासून.

बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. कामात तरबेज, पस्तिशीचा, तोंडाचा फटकळ. रीत ऐकून तो म्हणाला, "मुकादम, इथं सरकी काढायची नाहीये. हे मशिन काय हात खातं का?"

"हात न्हाई खात. हप्ता खातं," मुकादम म्हणाले. "तुमचं काय, तुमी रात्रीच्या गाडीनं पुण्याला. हप्ताभर निस्तरत बसू आमी."

पहिल्या कंट्रोलरवर त्यानं दोन उत्तरं माझ्या वाचण्याआधीच टाकली. मुकादमांनी पट्टी उचलली, दारावरच्या पत्राकडे पाहिलं आणि पट्टी खाली ठेवली. "पुणेकर, जल्दी करू नका. हात फार दिवसांचा उपाशी हाय." तो हसला, पण पुढचं सगळं रीतीनं झालं. मी वाचलं, त्यानं परत म्हटलं, मुकादमांनी डोळे मिटून ऐकलं. तिन्ही मशिनं झाली. "हात भायेर?" "भायेर." "मार."

तिसऱ्या दिवशी वडीगोद्रीच्या गोदामातून फोन आला. तिथून कंट्रोलरचा पडदा उघडत नव्हता. मुकादमांनी अर्ध्या तासात कारण शोधलं. गोदामातल्या मशिनांना जे पत्ते होते, तोच गट कंट्रोलरनं आतल्या कामासाठी घेतला होता. गोदामाचे पत्ते आठ वर्षांपूर्वी मुकादमांनी स्वतः दिले होते. म्हणूनच दुसरा गट वापरायचा, असं त्यांनी बैठकीत बजावलं होतं.

"न वाचता एंटर मारलं ना?" त्यांनी इंजिनिअरला विचारलं. मशिन स्वतःहून जे उत्तर सुचवतं, ते नुसतं एंटर दाबलं तरी कायम होतं. तो "नाही" म्हणेपर्यंत पहिली मूठ बसली होती. दुसऱ्या ठोशात ओठ फाटला. तो रॅकवर आपटला, वरची तार तुटून गळ्यात आली. मुकादमांनी त्याला तारेसकट उचलून भिंतीवर दाबलं. दोन शिपायांनी आणि मी मिळून ओढलं तरी ते सुटेनात. सुटले तेव्हा इंजिनिअरच्या शर्टावर आणि पांढऱ्या फरशीवर रक्त होतं.

तो तोंड धरून म्हणाला, "कागदावर हेच होतं. कागद बघा."

कागद मी लिहिला होता. पुरवठादाराच्या नमुन्यावरून स्वच्छ प्रत काढताना नमुन्यातला पत्त्यांच्या गटाचा आकडा तसाच उतरला होता. तोच मी तीन मशिनांवर तीनदा मोठ्यानं वाचला होता.

मुकादमांनी कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात घातली आणि सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. आतून लोखंडावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. तीनदा. ते उजवा हात काखेत दाबून बाहेर आले आणि सरळ मॅनेजरांच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेलो.

"चूक कुणाची होती?" मॅनेजरांनी विचारलं. "त्याची असली तर मला वर काही बोलता येईल."

"त्याची न्हाई. माझी. ऐकणारा मी होतो."

"कागद कुठाय?"

"फाडला."

मी तिथे उभा होतो. त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं, "पत्त्यांचा गट चुकीचा आढळला." मुकादमांची वीस वर्षांची नोकरी संध्याकाळी सहाला संपली.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअर ओठाला टाके घेऊन परत आला. सगळं पुसलं, पहिल्यापासून प्रश्न सुरू झाले. ऐकायला कुणी नव्हतं. शेवटच्या एंटरआधी त्याचं बोट थांबलं. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "हात बाहेर?" टाक्यांमुळे शब्द नीट फुटला नाही.

त्या रविवारी मी जुन्या जालन्यात मुकादमांच्या घरी गेलो. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मी हाताकडे पाहिलं.

"पुणेकराला मारलं ते गलत झालं," ते म्हणाले. "मंग ज्याची चूक त्याला मारलं. रॅकच्या दरवाज्यावर. तीन मशिनं, तीनदा."

"मुकादम, चूक माझी होती. मी साहेबांना सांगतो."

"काय सांगतो? मी त्याचं तोंड फोडलं, ते तुझ्या सांगण्यानं शिवलं जातंय का?" त्यांनी डाव्या हातानं खिशातून कागद काढून माझ्यापुढे टाकला. "वाच."

मी वाचायला लागलो. जाळ्याचं नाव. कंट्रोलर तीन. हा पहिला. त्यांनी डोळे मिटले होते. चौथ्या ओळीवर मी आलो, आकडा वाचला आणि प्लास्टरचा हात एकदम वर गेला. मी मान खाली घातली, डोळे मिटले.

मार पडला नाही. डोळे उघडले तेव्हा हात तसाच वर होता.

"हितं," ते म्हणाले. "हितं मी थांबवायला पायजे होतं. पुन्ना वाच."