चढावरची टकटक

जीप यायच्या आधी आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन डिंभ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघायची. गाडी कधी यायची, कधी नाही. आली तरी वासाला नाकं मुरडून लोक तिला खाली उतरवायचे. मासळी तिथंच नासायची.

मग वडलांनी, आमच्या दादांनी, जुनी पेट्रोल जीप आणि मागं ट्रॉली घेतली. धरणाकाठच्या चढावर इंजिनातून टकटक यायची; आतून कुणी दार वाजवावं तशी. त्या चढाखाली बुडालेलं गाव आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंती वर येतात.

"खालचं गाव हाक मारतंय," दादा म्हणाले आणि त्यांनी ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल करून टकटक थांबेपर्यंत मागं फिरवला.

टकटक थांबली. पण आता भरली ट्रॉली ओढताना रोज तिथंच इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालवर जायचा, बॉनेटमधून वाफ यायची. रिकामी ट्रॉली असली की काही नाही.

"भरल्या मासळीचाच वाटा मागतंय," आई म्हणाली. दादा पाण्यात मूठभर मासळी सोडू लागले. इंजिनियरिंगला असून मीही तिकडं बघायचं टाळायची.

"अजून एकदा उकळली की भंगारात घालतो," दादा म्हणाले.

"मग माझी पाटी हायेच," आई म्हणाली.

मी कॉलेजातून टायमिंग लाईट, म्हणजे ठिणगी पडते त्याच क्षणी लुकलुकणारा दिवा, मागून आणला. भर दुपारी अंधारासाठी शेडचं पुढचं दार लावलं, धूर जायला मागचं उघडं ठेवलं आणि जीप चालू केली. इंजिनाच्या पुढची पुली गरगर फिरत होती. लाईटच्या लुकलुकीत तिच्यावरची खूण मात्र जागच्या जागी थांबली. दादा मागं सरकले.

"बंद पडली का गं?"

"चालू हाय, दादा. कान द्या. खूण बघा किती मागं गेलीय. ठिणगी उशिरा पडती. पेट्रोल उशिरा जळतं, जोर कमी मिळतो अन् उष्णता रेडिएटरच्या पाण्यात जाती. ओझं ओढताना तर लईच."

"अन् टकटक?"

"तवा ठिणगी लई लवकर पडत व्हती. तुमी दुसऱ्या टोकाला नेलीत."

मी डिस्ट्रिब्युटर थोडा पुढं फिरवून खूण जागेवर आणली आणि नट आवळला.

दुसऱ्या दिवशी भरली ट्रॉली घेऊन चढ चढलो. काटा मधोमध राहिला. टकटक नाही, वाफ नाही. खाली उघड्या भिंती होत्या, वारा नसताना पाणी हलत होतं. दादांनी जीप थांबवून मूठभर मासळी सोडलीच. या वेळी मी तिकडं बघितलं.

जीप भंगारात गेली नाही. आईनं पुन्हा पाटी उचलली नाही. त्या वर्षी मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.