स्पेशालिस्टच्या पाटीखाली

“आडनाव काय म्हणायचं तुमचं, डॉक्टरसाहेब?”

चिखलीचे ते बागायतदार खुर्चीत बसले होते. दाढेनं गाल सुजलेला. मी भुलीची सुई दिली होती आणि जबडा बधिर व्हायची वाट बघत होतो. विचारलं म्हणून आडनाव सांगितलं.

ते उठलेच. “म्हंजी तू...” मोरीपाशी जाऊन थुंकले. परत थुंकले. धोतराच्या सोग्यानं जीभ पुसली. माझी बोटं त्यांच्या तोंडात गेली होती ना.

गडबड ऐकून आतून आमचे डॉक्टर आले. पिंपरीतल्या निर्वासितांच्या वसाहतीतला तो दवाखाना त्यांचा. मी पगारी. ते म्हणाले, “अहो, हा कुठला डॉक्टर? हत्यारं धुणारा, फार तर सुई टोचणारा माणूस आहे. दाढ मीच काढणार.”

बाकावर पेशंट बसलेले. सगळ्यांनी ऐकलं.

मी डॉक्टर होतो. बाप देहूरोडच्या लष्करी डेपोत पेट्या वाहायचा. त्याच्या कष्टावर मी मुंबईला शिकलो, दातांची पदवी घेतली. डॉक्टरांची पदवी तीच. कॉलेजही तेच. पण दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘दात व जबड्याचे स्पेशालिस्ट’. मी एकदा विचारलं होतं, साहेब, हे कुठं शिकलात? हसले. म्हणाले, “लोकांना तो शब्द लागतो. लिहायला काय जातंय?”

माझं नाव पाटीवर नव्हतंच. “तुझं आडनाव लिहिलं तर गावचा माणूस पायरी चढायचा नाही,” असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली होती. दुसरीकडे कोण उभं करणार होतं मला?

त्यांनी न शिकलेलं लिहिलं. मी शिकलेलं पुसलं.

बागायतदार परत खुर्चीत बसले. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. “दिवा डोळ्यांवर येतो,” म्हणाले. मग माझ्याकडे बघून चिमट्याकडे बोट केलं. म्हणजे तू काढ, बोलू नकोस. वयानं त्यांचा हात थरथरायचा. दाढा मीच काढायचो, ते शेजारी उभे राहायचे. पण असं झाकून, चोरासारखं, कधी नव्हतं.

मी चिमटा उचलला. कान तापले होते. वाटलं, आत्ता गप्प राहिलो तर हीच माझी रीत होईल.

मी टॉवेल बाजूला केला.

“दाढ मी काढणार आहे,” मी म्हणालो. “दातांचा डॉक्टर आहे मी. आडनाव मघाशी सांगितलंय. चालत नसेल तर उठा.”

“डोकं फिरलं का तुझं?” डॉक्टर पुटपुटले.

बागायतदार डॉक्टरांकडे वळले. “तुमी काढा की. पाटीवर तुमीच हाय.”

डॉक्टरांनी हात कोटाच्या खिशात घातले.

बागायतदारांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी दाढ काढली. चूळ भरून ते उठले आणि डॉक्टरांना म्हणाले, “हे गावात कुटं बोलू नका.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी मला काढून टाकलं. काढलं नसतं तरी मी थांबणार नव्हतो.

देहूरोडला पत्र्याची एक खोली घेतली. पाटी रंगवायला पेंटर आला. म्हणाला, “भाऊ, स्पेशालिस्ट टाकू का? हल्ली सगळे टाकतात.” बाप खाली मान घालून बसलेला. तो हळूच म्हणाला, “आडनाव न्हाई घातलं तर न्हाई का चालणार, बाळा?”

बापाचा राग आला नाही. त्याला तसं म्हणायला लावणाऱ्यांचा आला. अजून येतो.

पेंटरला म्हणालो, “शिकलोय तेवढंच लिही. आडनाव मोठ्या अक्षरांत.”

काही लोक पाटी वाचतात आणि सुजलेला गाल धरून तसेच परत जातात. जाऊ देत. मी कुणाला हाक मारणार नाही. त्या पाटीवर माझ्या हातून एक अक्षर वाढणार नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून एक अक्षर कमी होणार नाही.