विहीणबाईंचं पथ्य

आमच्या विहीणबाईंइतकी पथ्याचं वेड असलेली बाई साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही, आणि सापडलीच तर ती त्यांनीच तयार केलेली असेल. त्या ज्या घरात पाऊल टाकतात त्या घरातल्या साखरेच्या डब्याला धडकी भरते. मैद्याची बिस्किटं त्या नुसत्या नजरेनं हद्दपार करतात. माझ्या लेकीच्या या सासूबाई, राहणार अकोले तालुक्यातल्या डोंगरात, भातशेतीच्या गावी. मुलांच्या लग्नात आम्ही मुलीकडचे म्हणून हात जोडून उभे होतो, तेव्हा मुलाची ही आई मांडवामागं जाऊन आचाऱ्याच्या हातातून खायच्या रंगाची पुडी काढून घेत होती. त्या दिवशी संगमनेरकरांनी पांढरा केशरीभात खाल्ला.

पुढं मला स्तनाचा कॅन्सर निघाला. गाठ मोठी होती, म्हणून आधी नाशिकच्या दवाखान्यात सलाइनमधून औषधं आणि मग ऑपरेशन, असं ठरलं. लेक पुण्यात, तिचं बाळ अगदी तान्हं. तिला यायचं होतं, पण येणार कशी? ती फोनवर रडत असतानाच तिकडं विहीणबाईंनी जीप धरली होती. कुणी बोलावलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. दार उघडलं तर बाहेर नाचणीचं गाठोडं, हातसडीचा तांदूळ, हुलगे, वालाच्या शेंगा आणि टोपलीत एक जिवंत कोंबडी. आम्ही राहतो संगमनेरात, फ्लॅटमध्ये. आमच्या ह्यांनी दबकत विचारलं, किती दिवस मुक्काम? विहीणबाईंना वाटलं, कोंबडीचं विचारतायत. "अंडी देईल तवर," त्या म्हणाल्या आणि आत आल्या.

त्या दिवसापासून घर त्यांचं झालं. पहाटे मला उठवून त्या प्रवरेच्या काठानं फिरायला न्यायच्या. मी दमले की तिथंच दगडावर बसवून लांब श्वास घ्यायला लावायच्या. परत आल्यावर गच्चीत कोवळं ऊन. मग हसणं. मोबाईलवर कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी ऐकलं होतं की हसल्यानं फुप्फुसं मोकळी होतात. त्यामुळं गच्चीच्या मधोमध उभं राहून, दोन्ही हात वर करून, त्या अत्यंत गंभीर चेहऱ्यानं हसायच्या. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत जमायची. मला त्यांच्यासारखं हसता आलं नाही कधी, पण त्यांच्याकडं बघून मात्र इतकं हसायला यायचं की व्याख्यानकर्त्यांचा हेतू साध्य व्हायचा. भेटायला येणाऱ्यांसाठी वेगळा कायदा होता. डोळ्याला पदर लावून आत आलेल्या बाईपुढं त्या मुकाट्यानं वालाच्या शेंगांचं ताट सरकवायच्या. शेंगा सोलता सोलता रडणं जमत नाही, हे मला तेव्हा कळलं. जाताना बाई हसत जायची, आणि आमची संध्याकाळची भाजीही निवडून व्हायची.

बाल्कनीत त्यांनी गव्हाच्या अंकुरांचे ट्रे लावले होते. रोज सकाळी त्याचा हिरवागार रस माझ्या पुढ्यात यायचा. निम्मे अंकुर कोंबडी खायची, म्हणून ती माझ्यापेक्षा तजेलदार दिसायची. हे दवाखान्यात समजलं तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, सध्या कच्चं काही द्यायचं नाही, सगळं शिजवून, पाणी उकळून, आणि पोटात प्रथिनं भरपूर गेली पाहिजेत. मला वाटलं, आता इथं भांडण होणार. विहीणबाईंनी फक्त विचारलं, "अंडं चालंल?" पूर्ण उकडलेलं चालेल, म्हणाले. त्या क्षणी डॉक्टर त्यांच्या मनात भरले. घरी आल्या आल्या त्यांनी ट्रे उचलून कोंबडीला देऊन टाकले. मग उकळण्याचा सपाटा सुरू झाला. पाणी उकळलं, चमचे उकळले, सालासकट केळी उकळत्या पाण्यात बुडवून काढली. आमच्या ह्यांचा चष्मा त्या पातेल्याजवळ नेताना मी पाहिला आणि वेळेवर ओरडले.

हे सगळं मजेचं चाललं होतं, पण पुढच्या सलाइनांनी मला पार खाली बसवलं. केस गेले, त्याचं इतकं वाटलं नाही. तोंड आलं. पाणी प्यायलं तरी लोखंडाची चव. त्यात ह्यांच्या एका लांबच्या भावानं कुणा औषधवाल्याचं नाव आणलं. त्याची अट एकच, दवाखान्याचं सगळं बंद करायचं, मग फक्त त्याची पावडर आणि फळांचे रस. मला ते स्वर्गातून आल्यासारखं वाटलं. सुई नाही, उलट्या नाहीत. ह्यांना पटणार नव्हतं, पण विहीणबाई माझ्या बाजूनं उभ्या राहतील याची मला खात्री होती. त्यांचाच तर सगळा पंथ. दुपारी त्या भाकरी थापत होत्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, आता मी नाशिकला जाणार नाही.

त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

"माझ्या भाकरीवर माझा लई इस्वास हाय, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "पन भाकरीनं गाठ जात न्हाई. गाठीचं काम डॉक्टरांचं. तुमाला त्यांच्या दारापर्यंत उभ्यानं न्यायचं, एवढंच माझ्या भाकरीचं काम. त्यांचं बंद करनार असाल तर मी सकाळच्या गाडीनं जाते. नुसतं बसून बघायला माझ्यानं व्हायचं न्हाई."

मला रडू फुटलं. मी काय काय बोलले कुणास ठाऊक. चव नाही, ताकद नाही, तुमची पेज आता डोळ्यांपुढं नको झालीय, असंही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, काय खावंसं वाटतं? मी चिडून, त्यांना टोचावं म्हणूनच म्हणाले, जिलबी.

त्या उठल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या. मला वाटलं, गेल्या अकोल्याला. तासाभरानं परत आल्या त्या हातात कागदाचा पुडा घेऊन. बाजारातल्या हलवायाला आधी हात धुवायला लावून, समोर उभं राहून त्यांनी ताजा घाणा काढून घेतला होता. गरम दुधात जिलबी मऊ होईपर्यंत भिजवून त्यांनी मला चमच्यानं भरवली. एका वेटोळ्याच्या वर मला काही गेलं नाही. उरलेल्या वाया जाऊ नयेत म्हणून विहीणबाईंनी त्या स्वतः संपवल्या, एकेक करून, डोळे मिटून.

"ग्वाड लई हाय," त्यांनी निकाल दिला. "पन वंगाळ न्हाई."

ठरल्या दिवशी मी नाशिकच्या गाडीत बसले. शेजारी त्या होत्याच, मांडीवर डबा घेऊन.

ऑपरेशन झालं. तपासण्या अजून चालू आहेत, पण सध्या सगळं ठीक आहे. पावसाळ्यात भाताच्या लावणीची वेळ आली तशा त्या कोंबडी टोपलीत घालून निघाल्या. मी पुष्कळ आग्रह केला, अजून थोडे दिवस राहा म्हटलं. त्या नको म्हणाल्या. "तुमी आजारी हुता तवर हे घर माजं हुतं. आता मी पावनी."

मला तो विनोद वाटला होता. दिवाळीत त्या नव्या लुगड्यात आल्या आणि दिवाणखान्यात खुर्चीच्या कडेवर बसल्या. स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. पान वाढल्यावर, विहिणीनं विहिणीच्या घरी जेवावं तशा बेतानं जेवल्या. माझ्या हातून आमटीत मीठ चांगलंच जास्त पडलं होतं. आमच्या ह्यांनी पहिल्याच घासाला माझ्याकडं पाहिलं. मी विहीणबाईंकडं बघत राहिले. आता बोलतील, आता वाटी बाजूला सारून ताडकन उठतील आणि पातेल्यात पाणी ओततील, अशी मी वाट बघत होते. त्यांनी वाटी संपवली, पदरानं तोंड टिपलं आणि म्हणाल्या, "छान झालीया आमटी."