रोज चारदा मरणारे मामा

रोज चार-पाचदा मरावं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून निवांत चहा प्यावा, हे अख्ख्या नांदेडात फक्त माझ्या घरमालकांना जमायचं. नात्याने ते माझे कुणी नव्हते, पण गल्ली त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. एस्टीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटार ट्रेनिंगचा क्लास काढला होता. शिकायला आलेल्याला ते स्टिअरिंगवर बसवायचे, किल्ली स्वतःच्या खिशात घालायचे आणि गायब व्हायचे. मग कुठूनतरी आवाज यायचा, "दिसून राहिलो का?" आपण तिन्ही आरसे बघायचे, मान वळवायची. मामा कुठंच नाहीत. "न्हाई मामा." "मग मेलो मी." आणि मागच्या चाकाजवळून गुडघे झटकत ते उठायचे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि स्टिअरिंगला हात लावलेलीही पहिलीच. हे मी अभिमानानेच सांगते. पण त्या स्टिअरिंगआधी मामांनी मला आठ दिवस चौकातल्या भाजीच्या गाड्याशेजारी स्टुलावर बसवलं होतं. समोरून येणारा ऑटो कुठं वळणार, ते तो वळायच्या आधी सांगायचं, एवढाच अभ्यास. "त्याच्या हाताकडं बघू नका, हात तो काढतच न्हाई. पुढच्या चाकाकडं बघा." मैत्रिणी जाता-येता विचारायच्या, मेथी कशी दिली म्हणून. आठव्या दिवशी मात्र दहापैकी नऊ ऑटो मी बरोबर सांगितले. दहावा खरंच कुठंच वळला नाही, मधेच थांबला. मामा म्हणाले, "त्याचं त्यालाच ठाव नव्हतं. असलेही असतेत."

ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की स्वयंपाकघराच्या दारातही ते थबकायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे आणि मगच आत शिरायचे. मामी पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "या, या. उदगीर गाडी आत्ताच गेली बघा." अठरा पूर्ण नसलेल्या पोराला तर ते क्लासच्या पायरीवरही उभं करायचे नाहीत. दुसरे क्लासवाले हसायचे, गिऱ्हाईक तिकडं जायचं. मामा म्हणायचे, "जाऊ द्या. शिकवून पाठवलेला माणूस घरी पोचला पायजे, एवढंच बघतो मी."

माझा धाकटा भाऊ दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, त्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडं पोराला मार्क पडले की बाप मोटारसायकल घेऊन देतो. लातूरला क्लास लावायचे, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मग गाडी नको का? बाबा भोकरहून आले, नांदेडात नवी कोरी गाडी घेतली, हार घातला आणि पेढे द्यायला भावाला घेऊन माझ्या खोलीवर आले. सकाळी भाऊ ती चालवत लातूरला निघणार होता. वय सोळा. चालवायला शिकला होता शेताच्या वाटेवर, जिथं समोरून फार तर बैलगाडी येते. मला रात्रभर झोप नाही. बाबांना माझं पटेना. सकाळी सरळ मामांना जाऊन सांगितलं.

मामांनी पेढा घेतला. उपदेश काहीच केला नाही. बाबांना म्हणाले, "पाव्हणं, जरा आमच्या गाडीत बसा, इथं पुढं." जन्मात स्टिअरिंगवर न बसलेले बाबा टोपी सावरत बसले. मामांनी भावाला दप्तरासकट गाडीच्या डाव्या बाजूला, थोडं मागं, उभं केलं.

"आरशात बघा. पोरगं दिसून राहिलं का?"

बाबांनी बघितलं. परत बघितलं. "न्हाई."

"तुम्ही बाप असून दिसंना. लातूरच्या ट्रकवाल्याला कसं दिसंल?"

भाऊ उसळला, "सगळे पोरं चालवतेत."

"सगळ्यांचे बाप मला भेटले न्हाईत," मामा म्हणाले.

बाबांनी मान मागं वळवून पोराला डोळ्यांनी बघितलं. मग उतरले आणि नव्या गाडीची किल्ली मामांच्या हातावर ठेवली. भाऊ एस्टीने लातूरला गेला. त्यानंतर दोन वर्षं तो मामांशी एक शब्द बोलला नाही.

गाडी मामांच्या पडवीत राहिली. आणि तेव्हा मला कळलं, की तीस वर्षं एस्टी हाकलेला हा माणूस मोटारसायकलला भ्यायचा. आयुष्यात तो कधी तिच्यावर बसलाच नव्हता. पण टायर एका जागी बसू नयेत म्हणून दर रविवारी ती गल्लीत हाताने ढकलत न्यायचा आणि ढकलत आणायचा, घामाघूम होऊन.

अठरा पूर्ण झाल्यावर भाऊ आला. शिकाऊ लायसन घेऊन, मुकाट आठ दिवस चौकातल्या स्टुलावर बसला, ऑटो कुठं वळणार ते नुसतं बोटाने दाखवत. पुढे महिनाभर मैदानावर गाडी फिरवायचा, आणि मामा खुर्ची टाकून नुसत्या हाताच्या खुणा करायचे. पक्कं लायसन हातात आलं त्या दिवशी मामांनी किल्ली दिली आणि त्याच्या मागं बसले.

आता क्लास बंद आहे, मामा थकून मुलीकडं राहायला गेलेत. त्या दिवसाचं भावाने मला इतक्या वर्षांनी परवा सांगितलं. गोदावरीच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी त्याचे खांदे आवळून धरले होते. दारात उतरल्यावर मामांनी शर्ट नीट केला.

"ब्रेक जरा लवकर दाबतोस," म्हणाले. "तसाच दाबत जा."

"हाव, मामा," भाऊ म्हणाला. दोन वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं ते.