खोडरबर

अल्लीपूरच्या आमच्या वाचनालयातले काका परत आलेलं प्रत्येक पुस्तक चाळतात आणि वाचकांनी पेन्सिलीनं मारलेल्या रेघा खोडतात. खोडताना मात्र चष्मा काढून ठेवतात. मग कुठे अर्धी रेघ राहते, कुठे पान चुरगळतं. मला वैतागच यायचा. अहो, चष्मा तरी ठेवा की डोळ्यावर!

हल्ली त्यांना चष्म्यानंही बारीक अक्षर दिसेना, म्हणून मी माझा ई-रीडर नेला. अक्षर मोठं करून दाखवलं तसे ते खुलले. तेवढ्यात एका वाक्याखाली तुटक रेघ दिसली.

"हे रेघ कोनं मारली?"

"दुसऱ्या वाचकांनी, काका. कोण काय वाचतं, कुठे रेघ मारतं, सगळं कंपनीला कळतं."

त्यांनी ई-रीडर हळूच माझ्याकडे सरकवला. "नाई ताई. कोनाच्या मनात असं डोकावू नाई."

घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक मी त्यांच्याकडूनच नेलं होतं. पानोपानी रेघा मारल्या होत्या आणि तसंच परत केलं होतं. ते परत केलं त्या दिवशीही काकांनी आधी चष्मा काढला, मगच पुस्तक उघडलं.