टोमॅटोच्या क्रेटमधलं बाळ

शिरूरच्या दवाखान्यात मी खांद्याच्या व्यायामासाठी जायचो. तिथे एकदा एक आबा दिसले. कडक इस्त्रीचा सदरा, मागे सून आणि हातात टोमॅटोचा क्रेट. क्रेटमध्ये गोधड्या ठासलेल्या, मधोमध दहा महिन्यांचा नातू.

"मळ्यात दिवसभर असाच बसतोय. सुनंचा हट्ट म्हनून आलो," आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आपण सोसायटीचे चेअरमन असल्याचंही सांगितलं.

थेरपिस्ट बाईंनी बाळाला सतरंजीवर बसवलं. ते लगेच कलंडलं. आबांनी झेप घेऊन धरलं.

"पाय ताठ आहेत त्याचे. गोधड्यांमुळे तुम्हाला कळलं नाही," बाई म्हणाल्या. "उशिरा शिकेल, पण शिकेल. आता हात काढा, आबा."

"पडंल की वो!"

"पडू दे. मी आहे."

सुनेने डोळे मिटले. आबांचा पंजा बाळाच्या पाठीपासून वीतभर हटला आणि तिथेच थांबला. बाळ पुढे झुकलं, दोन्ही हात सतरंजीवर रोवले आणि क्षणभर टिकलं. कसल्या ना कसल्या गोधड्यांशिवाय बसलेला माणूस आमच्या तालुक्यात मी फारसा पाहिलेला नाही.

ते निघाल्यावर मी हाक मारली, "आबा, क्रेट राहिला!"

नातवाला छातीशी धरलेले आबा वळलेसुद्धा नाहीत.

"ऱ्हाऊ द्या तितंच."